बोटभर समास

“बाई, शुक्रवारच्या तासाला मी हे आणलं तर चालंल का?”

मधली सुट्टी होती. शिक्षकांच्या खोलीच्या दारात वैजयंता कोळेकर उभी, हातात निळं अंतर्देशीय पत्र. मी चहात बिस्कीट बुडवत होते, ते नेमकं तेव्हाच तुटून कपात पडलं, त्यामुळे माझा आवाज नेहमीपेक्षा जरा जास्तच चढला.

“आत ये आधी. दारातून बोलायला मी काय पोस्टाची खिडकी आहे? कसलं पत्र?”

“आमच्या अण्णांचं हाय. सेलमहून आलंय.”

करंजओढ्यात घरोघरी अशी पत्रं असायची. आमचं गाव विट्याच्या पलीकडं, माळावर. पाऊस नावाला, म्हणून दोन घरांमागं एक बाप्या गलाईला बाहेर. सराफांचं जुनं सोनंचांदी भट्टीत घालायचं, तेजाबात गाळायचं आणि शुद्ध करून द्यायचं, हा धंदा करायला आमच्याकडची माणसं पार मद्रासच्या खाली जायची. वर्षा-दोन वर्षांनी यात्रेला यायची. मधल्या काळात नवरा म्हणजे पोस्टमनच्या पिशवीतून येणारा निळा कागद.

आणि शुक्रवारचा तास म्हणजे माझा लाडका तास. मी मूळची सांगलीची. मराठी आणि इतिहास शिकवायची. पोरं छापलेलं सगळं खरं मानतात याचा मला भयंकर राग यायचा. म्हणून नववीच्या वर्गाला मी शुक्रवारी घरून एकेक कागद आणायला लावत असे आणि सगळ्या वर्गानं मिळून त्याची उलटतपासणी करायची. कुणी लिहिलं? त्याला कसं कळलं? लिहून त्याला काय मिळालं? एकदा एकानं ‘हे पत्रक शंभर जणांना वाटा, नाहीतर घरात विपरीत घडेल’ असलं पत्रक आणलं, तर वर्गानं छापखान्याचं नाव शोधून काढून त्याच्या पार चिंध्या केल्या. टकलावर केस उगवणाऱ्या तेलाच्या जाहिरातीचे तर असे धिंडवडे काढले की हसून पुरेवाट झाली. गावात मला ‘वकीलबाई’ म्हणायला लागले होते. मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू!

“घरचं पत्र वर्गात वाचायचं? आईला विचारलंस?” मी म्हटलं.

“वाचा की. त्यात माझ्या शाळंचंच लिवलंय.” ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. “रविवारी मामा येणार हाय, बाई. त्येच्या पोराला, संपताला मला करायचं म्हनतोय, ह्या वैशाखात. आई न्हाई म्हनती. अण्णा दर पत्रात लिवत्यात, वैजूला दहावीपतोर शिकवायची, लगनाची घाई करायची न्हाई. तर मामा म्हनतोय, दोन वर्सं मानूस फिरकला न्हाई, पत्रं तरी त्याचीच कशावरनं? काढून ठेव, मी स्वता बगतो म्हनाला.”

“मग बघू दे की.”

“आदी तुमी बगा. समद्या वर्गानं तपासून खरं हाय म्हनलं, का मग मामाला बी तोंड न्हाई उघडायला.”

चौदा वर्षांची पोर. शाळेत पहिला नंबर कधी सोडला नाही. निबंध असा लिहायची की मी तो दहावीच्या वर्गात नेऊन वाचून दाखवत असे. तिच्याकडं बघून माझ्या मनात काय आलं असेल? दया? छे. त्या शुक्रवारी विस्तार अधिकारी कुंभोजकर साहेब माझा तास बघायला येणार होते आणि मी चार दिवस चांगला कागद शोधत होते. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

“आण,” मी म्हटलं. “आणि ताडून बघायला एखादं जुनं पत्रही आण. खरं असेल तर घाबरायचं काय कारण?”

“त्येच की,” वैजयंता म्हणाली आणि गेली.

शुक्रवारी साहेब मागच्या बाजूला मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसले. पोरं तेल लावून, भांग पाडून आलेली. मी फळ्यावर माझे तीन प्रश्न लिहिले आणि वैजयंताला पुढं बोलावलं.

तिनं पत्र खणखणीत वाचलं. ‘सौ. हौसास आशीर्वाद. मी इकडे खुशाल आहे. भट्टीचे काम वाढले आहे म्हणून येणे झाले नाही. चि. वैजूला दहावीपर्यंत शिकव. तुझ्या भावाला सांग, पोरीच्या लग्नाचे मी आल्यावर बघू. यात्रेला नक्की येतो.’ पोरं बाकांवर पुढं सरकून ऐकत होती. निम्म्या पोरांचे बाप असेच लांब होते.

मग तपासणी सुरू झाली. जुनं पत्र शेजारी धरलं. अक्षर तेच. तोच लांब शेपटीचा ‘ल’, तोच तिरका ‘अ’. वैजयंताच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. तेवढ्यात मालन पवार उठली. सरपंचाची पोर, दरवर्षी दुसरी येणारी आणि त्यावरून वर्षभर धुसफुसणारी.

“बाई, पोस्टाचा शिक्का पुसलाय.”

“सारवताना पानी पडलं,” वैजयंता म्हणाली.

“नेमकं शिक्क्यावरच? आन आतलं अक्षर फुटलं न्हाई?”

वर्ग हसला. साहेबही हसले आणि मला मानेनंच शाबासकी दिली. मी पत्र हातात घेऊन खिडकीशी गेले. उजेडावर धरलं, वकिलाच्या ऐटीत, उलटंपालटं केलं. आणि मला ती घडी दिसली.

अंतर्देशीय पत्राच्या आडव्या घड्या पोस्टानंच ठरवून दिलेल्या असतात. या पत्राला त्यांखेरीज आणखी एक उभी घडी होती. डाव्या कडेला, बोटभर रुंदीची, वरपासून खालपर्यंत. आणि प्रत्येक ओळ त्या घडीपासून सुरू होत होती. अहो, गलाईचा माणूस कधी समास सोडतो का? तो निळ्या कागदाचा टिचभर कोपरा रिकामा ठेवत नाही. कडेनं, तिरकं, चिकटवायच्या पट्टीवरसुद्धा लिहितो. जुनं पत्र तसंच होतं, काठोकाठ भरलेलं. लिहायला बसलं की आधी कागद बोटभर दुमडून समास पाडायचा, ही सवय अख्ख्या पंचक्रोशीत एकाच ठिकाणी लावली जायची. माझ्या वर्गात, पाचवीपासूनच. समास नसला की मी दोन गुण कापायची.

त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं. पत्र कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, आणि ते माझ्यासमोर का आणलं. तिनं माझ्याकडूनच शिकून शिक्का पुसला होता, बापाचं अक्षर घोटलं होतं. राहिलं-साहिलं काही असेल तर ते मला सापडतंय का, एवढंच तिला बघायचं होतं. मला सापडलं नाही, तर मामाच्या बापालाही सापडलं नसतं.

मी वैजयंताकडं बघितलं. ती माझ्याचकडं बघत होती. तिलाही कळलं होतं की मला कळलंय. तिनं मान अगदी थोडी, नाही म्हणून हलवली.

तास संपायला बारा मिनिटं होती. ‘शिक्का दिसत नाही, तेव्हा निकाल राखून ठेवू’ एवढं म्हणून मी पत्र तिच्या हातात देऊ शकले असते. कुणालाही काही वाटलं नसतं. पण मागं साहेब बसले होते, आणि असलं बिनतोड सापडलेलं गिळून टाकणं माझ्यानं झालं नाही. बस, एवढंच. याहून मोठं काही कारण असतं तर मी ते सांगितलं असतं.

“मालन,” मी म्हटलं, “तुझी निबंधाची वही काढ. पान वर धरून सगळ्यांना दाखव. आता हे पत्र बघा. दोन्हींत काय सारखं आहे?”

पोरांनी वहीकडं बघितलं, पत्राकडं बघितलं. मग मालन किंचाळलीच. “समास! बाई, समासाची घडी!”

“शाब्बास! सेलमच्या भट्टीवर समास पाडतात का रे?”

“न्हाईऽऽ!”

“मग हे पत्र कुठल्या गावात लिहिलंय?”

“करंजओढ्यातऽऽ!”

“कितवीच्या वर्गात?”

“नववीतऽऽ!” आता बाकं वाजायला लागली होती.

“कुणी?”

पन्नास बोटं एकदम वर झाली आणि सगळी एकाच दिशेला वळली. वैजयंता फळ्याला पाठ लावून उभी होती. आणि मी, अजून नाही थांबले हो. माझा तिसरा प्रश्न राहिला होता ना!

“आणि हे लिहून लिहिणाऱ्याला काय मिळालं?”

“लगीन चुकलं!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि हसण्याचा असा कल्लोळ उठला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. साहेब डोळ्यांना रुमाल लावून हसत होते.

“बाई, माजं पत्र द्या,” वैजयंता म्हणाली.

“पुरावा आहे तो. तास झाल्यावर मिळेल,” मी म्हटलं, आणि त्यावरही वर्ग हसला.

साहेबांनी लिहिलेला शेरा अजून माझ्या ट्रंकेत आहे. ‘पाठ अत्यंत परिणामकारक. विद्यार्थ्यांचा सहभाग उत्स्फूर्त.’

शनिवारी ती आली नाही. सोमवारी दुसऱ्या तासाला मी एकटीच वह्या तपासत बसले होते, तर दारात हौसाबाई. वैजयंताची आई. तिशी-बत्तिशीची बाई, उन्हानं रापलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मागं वैजयंता, खाली मान घालून. हौसाबाईनं काखेतलं गाठोडं माझ्या टेबलावर, वह्यांवरच ठेवलं आणि सोडलं. आत पत्रं होती.

“मला वाचाय येत न्हाई,” ती म्हणाली. “ह्यातली त्येंची कुठली आन हिची कुठली, तेवढं निवडून द्या.”

“हौसाबाई, बसा तुम्ही. पाणी घ्या...”

“पानी नगं. शुक्कुरवारी समद्या गावानं निवडलं. मलाच तेवढं म्हाईत न्हाई.”

मी निवडायला लागले. काम सोपं होतं हो, मेलं. घडी दिसली की उजवीकडं, नाही दिसली की डावीकडं. डावीकडं एकोणीस गेली, उजवीकडं अकरा. शेवटची अकराच्या अकरा. वैजयंता खिडकीबाहेर बघत होती. हौसाबाईनं उजव्या ढिगावर हात ठेवला, मग तो झटकन काढून पदराला पुसला.

“अकरा,” ती म्हणाली. “दर खेपंला ही वाचायची आन मी उत्तर सांगायची. हीच लिवून घ्यायची. नवऱ्याला सांगायचं ते समदं हिच्यापुढं बोलून बसले मी, बाई. रातीला झोप लागत न्हाई म्हनून सांगितलं. एकदा तर... जाऊ द्या. आन ही त्येला बी उत्तर लिवायची. माज्या पोटची पोर. नवरा हून.”

“आये, तू रडायचीस म्हनून—” वैजयंता म्हणाली.

“तू बोलू नगंस!”

मी मध्ये पडले. “लहान आहे हो ती. तुमच्यासाठीच केलं तिनं.”

“ह्यातलं त्येंचं शेवटचं कुठलं?” हौसाबाईनं डाव्या ढिगाकडं बोट केलं. “ते वाचा. मला आयकायचंय.”

मी पत्र काढलं. दोन वर्षांपूर्वीचं. काठोकाठ भरलेलं, सेलमचा शिक्का स्वच्छ उमटलेला. उघडलं आणि वरून खाली नजर फिरवली.  शुक्रवारी कुठं गेलं होतं हे शहाणपण, देव जाणे. पण त्या बाईच्या तोंडावर ते वाचून दाखवणं मला शक्य नव्हतं.

“सौ. हौसास आशीर्वाद,” मी सुरू केलं. “मी इकडे... इकडे खुशाल आहे. कामाची फार गडबड आहे. म्हणून... म्हणून पत्राला उशीर होईल. काळजी करू नये. तब्येतीला जपावे...”

मी वीस वर्षं पोरांना वाचून दाखवत होते, पण असं अडखळले कधी नव्हते. हौसाबाई डोळे मिटून ऐकत होती. मी थांबले तेव्हा तिनं डोळे उघडले आणि लेकीचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला.

“वैजे, माजी आन हाय तुला. बाई बराबर वाचत्यात का?”

मी वैजयंताकडं बघितलं. शुक्रवारी ती माझ्याकडं जशी बघत होती ना, अगदी तशी. मीही मान हलवली. नाही म्हणून, थोडीशीच.

“न्हाई,” वैजयंता म्हणाली. “तसं लिवल्यालं न्हाई.”

तिनं माझ्या हातातून पत्र घेतलं. दोन वर्षं तिनं ते कुणाला वाचून दाखवलं नव्हतं, पण तिला कागदाकडं बघायचीही गरज नव्हती. सगळं पाठ होतं.

“‘हौसास कळावे. मी हिकडं दुसरं लगीन केलंय. पोरगा झालाय. आता मी गावाकडं येनार न्हाई. माझी वाट बघू नको. पत्र पाठवू नको, हितं भांडनं व्हत्यात. वैजीचं तुझ्या भावाच्या घरात उरकून टाक. मला कळवायची गरज न्हाई.’”

आवाज जरासुद्धा हलला नाही. ‘वैजीचं उरकून टाक’ हेसुद्धा बाकीच्या वाक्यांसारखंच वाचलं. मग पत्र घडी करून डाव्या ढिगावर ठेवलं.

बाहेर कवायतीच्या शिट्ट्या वाजत होत्या. हौसाबाई त्या पत्रावरून बोट फिरवत होती.

“कवा आलंतं हे?”

“आकाडात. दोन वर्सामागं.”

“तवा तू काय वाचलंतंस?”

“यात्रंला येतो म्हनून.”

“व्हय.” हौसाबाईनं मान हलवली. “त्या दिशी मी पोळ्या केल्यात्या.”

तिनं डावा ढीग परत गाठोड्यात बांधला. उजवा ढीग उचलला आणि वैजयंताच्या हातात कोंबला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “हिचं नाव काढा शाळंतनं.”

“अहो, असं करू नका!” मी उठूनच उभी राहिले. “पहिल्या नंबरची पोर आहे. तिचा काही दोष नाही, सगळा माझा आहे. मी त्या दिवशी गप्प बसले असते तर... हौसाबाई, मी पाया पडते तुमच्या. मामांशी मी बोलते. तिला मी सांगलीला माझ्या घरी ठेवून घेते. इतकी हुशार पोर...”

“हुशार हाय म्हनूनच,” हौसाबाई म्हणाली. “बिनहुशार असती तर पत्र आलं त्याच दिशी मला कळलं असतं. दोन वर्सं कुकू लावून दारात बसले नसते. गाव हसलं नसतं.” मग जरा थांबून म्हणाली, “काल सुपारी फुटली. हिच्या बापाचं पत्र तर हायेच आता, उरकून टाक म्हनून. तुमीच तपासल्यालं.”

वैजयंता काही बोलेल म्हणून मी वाट बघितली. रडेल, आईचा पदर धरेल, निदान मला शिव्या तरी घालेल. ती पत्रांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या करत होती.

मुख्याध्यापक म्हणाले, पालक मागतायत तर द्या दाखला, नसता वाद कशाला. वर्गशिक्षिका मीच, त्यामुळे भरायचा मलाच होता. छापील रकाने. प्रगती: उत्तम. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पालकांची विनंती. खाली माझी सही, मुख्याध्यापकांची सही, वर शाळेचा जांभळा शिक्का. स्वच्छ उमटला, एक अक्षरही पुसलेलं नाही.

मी तो वैजयंताकडं द्यायला गेले. हौसाबाईनं मध्येच घेतला. उलटा धरून बघितला, सुलटा केला. लेक शेजारीच उभी होती, पण तिच्याकडं तिनं तो दिला नाही. माझ्याकडंही परत केला नाही. व्हरांड्यात गेली. तास सुटला होता, पोरी नळावर चालल्या होत्या.

“ए पोरी,” तिनं हाक मारली. “सरपंचाची न्हवं तू? हिकडं ये. ह्यावर काय लिवलंय, तेवढं मला खरं वाचून दाव.”

मालन आली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग वैजयंताकडं बघितलं, आणि दाखला दोन्ही हातांत धरून मोठ्यानं वाचायला लागली. वैजयंता खाली मान घालून आईच्या शेजारी उभी राहून ऐकत होती.